पहिल्या पेल्याचा मान

तात्यांच्या हातून पेला निसटला, त्या दिवसापासून घरातले सगळे एकमेकांशी फार गोड बोलू लागले होते. असा गोडवा या घरात याआधी एकदाच आला होता, वाटणीच्या वर्षी, आणि त्यानंतर तात्यांचे दोघे मुलगे कितीतरी महिने वकिलांमार्फतच बोलत होते. त्यामुळे सोमवारी सकाळी न्याहारीला सगळ्यांनी यावं असा तात्यांचा निरोप आला, तेव्हा कशासाठी, असं कोणीच विचारलं नाही. थोरल्याने आदल्या दिवशीच केस कापून घेतले. धाकट्याने नवा कोट काढला. त्यांची बहीण ताई नवऱ्याला, म्हणजे डॉक्टरांना, गाडीत बजावत आली, "तिथे कोणाची बाजू घेऊ नका. माझीसुद्धा घेऊ नका. नुसते बसा."

"वीस वर्षं तेच तर करतोय," डॉक्टर म्हणाले.

पेल्याची गोष्ट या घरात नव्या सुनेला आधी सांगतात आणि स्वयंपाकघर मागाहून दाखवतात. तात्यांच्या वडिलांनी उतारावर ग्रेपफ्रूटची, पपनसाच्या जातीतल्या फळाची, झाडं लावली, पहिलं रस काढायचं यंत्र बसवलं, आणि पहिल्याच दिवशी चार कामगारांसमोर लोखंडी चौथऱ्यावर चढून ते यंत्रातून आलेला पहिला पेला स्वतः प्यायले. "मी पितो तेच मी विकतो," असं म्हणाले, आणि मग म्हणाले, "भरा." तेव्हापासून हंगामात रोज सकाळी घरचा कर्ता पुरुष चौथऱ्याच्या पायऱ्या चढतो, पहिला पेला रिकामा करतो आणि "भरा" म्हणतो. त्याशिवाय एक बाटली भरली जात नाही. कंपनीत कोणाचा किती हिस्सा हे वकिलांना ठाऊक. पण कामगारांना विचाराल तर मालक म्हणजे जो पेला पितो तो, बाकीचे सगळे घरचे.

आणि गेल्या शनिवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, तात्या पायऱ्या चढू शकले नव्हते. दुसऱ्या पायरीवर मांड्या लटपटल्या, कठडा धरला, आणि फोरमनने खाली आणून दिलेला पेला हातातून सुटला. जाड काचेचा तो, फुटला नाही, बुडाशी नुसता टवका उडाला. पण सगळ्या शेडने ते पाहिलं. त्या दिवशी "भरा" कोण म्हणालं यावर अजून एकमत नाही. थोरला म्हणतो मी, धाकटा म्हणतो मी. फोरमन म्हणतो, कोणीच नाही म्हणालं, आम्हीच भरल्या.

तात्यांचं हे दुखणं हंगामाबरोबर सुरू झालं होतं. आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग खांदे. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकायचे, सदऱ्याची बटणं लावताना दंड भरून यायचे. घरच्यांचं निदान एकच होतं, वय. आणि उपायही एकच होता, कारण या घरात अशक्तपणावरचं औषध घरच्याच कारखान्यात तयार व्हायचं. थोरल्या सुनेने तात्यांच्या उशाशी रसाचा जग ठेवायला सुरुवात केली. हे कळताच धाकट्याने रोज दुपारी दुसरा जग पाठवायला सुरुवात केली, आणि हे कळताच ताईने फोन करून संध्याकाळच्या जगाची व्यवस्था लावली. सेवेची अशी चढाओढ लागली की तात्यांना पाणी मिळणं मुश्कील झालं. दुखणं वाढलं की रस वाढायचा, रस वाढला की दुखणं वाढायचं. यात काही गोम असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण प्रत्येकाचं लक्ष दुसऱ्याच्या जगावर होतं.

जेवणाच्या खोलीला कारखान्याच्या बाजूने मोठी खिडकी आहे. तिथून शेडचं दार, फळांच्या पेट्या उतरवणारी माणसं आणि पलीकडे उतारावरच्या झाडांच्या रांगा दिसतात. थोरली सून पहाटेपासून राबत होती. पाव, अंडी, लोणी, चहा, आणि टेबलाच्या मधोमध काचेचा जग. तो तिने असा ठेवला होता की त्याचा कान तात्यांच्या खुर्चीकडे यावा आणि ठेवणारी कोण ते सगळ्यांना दिसावं.

"वहिनी, किती करता तुम्ही तात्यांचं," ताई म्हणाली.

"माझं कसलं कौतुक. तुम्ही एवढ्या लांबून जग पाठवता."

दोघी हसल्या. डॉक्टरांनी खिडकीजवळची आपली नेहमीची खुर्ची पकडली.

तात्या आले ते बायकोच्या, म्हणजे आईच्या, खांद्यावर हात ठेवून. दारापर्यंत हात होता, दारात त्यांनी तो काढला आणि टेबलापर्यंतची पावलं एकट्याने टाकली. सगळ्यांनी ती मोजल्यासारखी पाहिली आणि पाहिली नाहीत असं दाखवलं. बसताना ते खुर्चीत पडलेच. आईने त्यांच्यापुढे ताटली सरकवली आणि पावाला लोणी लावायला घेतलं. आईला या घरात कोणी काही विचारत नसे, आणि विचारल्याशिवाय ती सांगत नसे. दोन्ही बाजूंना त्याची सवय झाली होती.

"खाऊन घ्या," तात्या म्हणाले. "मग शेडमध्ये जायचंय. पेला आज मी देणार आहे. कोणाला, ते तिथेच सांगेन."

थोरल्याने चमचा जरा जोरात ठेवला. तीस वर्षं तो त्या यंत्रांच्या तेलात हात घालत आला होता. प्रत्येक पट्टा, प्रत्येक झडप त्याला ठाऊक होती. धाकट्याला यंत्र कुठल्या बाजूने सुरू होतं तेही सांगता आलं नसतं. पण जाहिरातीत धावताना दिसतो तो धाकटाच, कपाळावर घाम, हातात बाटली, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘हृदयाचा सखा’. थोरल्याला ती जाहिरात दिसली की पित्त व्हायचं. धाकटा कधी शूटिंगला चार पावलं धावला असेल, नंतर अर्धा तास धापा टाकत होता, असं ड्रायव्हरनेच सांगितलं होतं.

"तात्या, घाई काय आहे?" धाकटा म्हणाला. "तुम्ही ठणठणीत व्हाल. पेला तुमच्याच हातात शोभतो." आणि लगेच, "पण द्यायचाच असेल तर बाजाराचाही विचार करायला हवा. लोक चेहरा बघतात."

"कामगार हात बघतात," थोरला म्हणाला.

"आणि मुलगी कोणी बघतच नाही," ताई म्हणाली. "पेला काय फक्त मिशा असणाऱ्यांनीच प्यायचा असतो?"

तिला नुसतं बसायचं नव्हतंच. डॉक्टरांनी निःश्वास सोडला आणि आपल्यापुढचा रसाचा ग्लास हळूच खिडकीखालच्या कुंडीत ओतला.

हे ते लग्न झाल्यापासून करत आले होते. कुंडीतलं रबराचं झाड वीस वर्षांत ना वाढलं होतं ना मेलं होतं. डॉक्टरांना रस आवडत नव्हता. पण सासरी रस आवडत नाही म्हणणं म्हणजे सासूला तुमच्या हाताला चव नाही म्हणण्यासारखं. पुढे पुढे त्यांच्या लक्षात आलं होतं की ते एकटे नाहीत. थोरला घोट घ्यायचा आणि रुमालाने तोंड पुसायचा, रुमाल बराच ओला व्हायचा. धाकट्याचा ग्लास नेहमी त्याच्या बायकोपुढे सरकायचा आणि ती नसली की तसाच राहायचा. ताईला आम्लपित्त होतं, ते फक्त माहेरी व्हायचं. म्हणजे ज्या रसावर हे घर उभं होतं, त्याचा एक थेंबही या घरात कोणी पीत नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. डॉक्टरांना तर वाटायचं, तात्याही चौथऱ्यावर नुसता ओठाला लावत असतील.

त्यांनी रिकामा ग्लास टेबलावर ठेवला आणि वर पाहिलं. तात्यांनी खिशातून गोळी काढली होती. मागच्या वर्षी छातीत कळ आल्यावर डॉक्टरांनीच सुरू केलेली, कोलेस्टेरॉलची. तात्यांनी ती जिभेवर ठेवली, जग दोन्ही हातांनी उचलून ग्लास काठोकाठ भरला आणि ओठांकडे नेला.

"थांबा!"

डॉक्टरांचा आवाज इतका मोठा असेल हे ताईलाही माहीत नव्हतं. थोरल्या सुनेच्या हातातली ताटली पडली. तात्या ग्लास धरून तसेच राहिले.

"गोळी थुंका," डॉक्टर उभे राहून म्हणाले. "आधी गोळी थुंका, तात्या."

तात्यांनी गोळी ताटलीत काढली. सासऱ्याला थुंका म्हणणारा जावई त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, आणि आश्चर्याने माणूस ऐकतो.

"गोळी रोज अशीच घेता? रसाबरोबर?"

"मग कशाबरोबर घेऊ?"

"पाण्याबरोबर! आणि दिवसातून किती रस पिता?"

यावर तिघे एकदम बोलले. थोरली सून म्हणाली, सकाळचा जग माझा. धाकटा म्हणाला, दुपारचा माझा. ताई म्हणाली, संध्याकाळचा खास पेट्यांमधला असतो. प्रत्येकाला वाटलं, आपल्याला शाबासकी मिळणार.

"तीन जग," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "तात्या, लघवीचा रंग कसा आहे?"

"अहो!" ताई ओरडली. "खातोय आपण."

"चहासारखा," आई म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पावाला लोणीच लावत होती. "दूध न घातलेल्या चहासारखा. मी दोनदा म्हटलं यांना, डॉक्टरांना सांगा. म्हणाले, जावयाला असलं काय सांगायचं."

डॉक्टर मग जे बोलले ते त्यांनी शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. पोटात गेलेल्या या गोळीचा बराच भाग आतडी मोडून टाकतात आणि थोडाच रक्तात जातो, त्या हिशेबानेच ती द्यायची असते. ग्रेपफ्रूट आतड्यांचं ते काम बंद पाडतं. मग गोळी एकच, पण रक्तात जाते अनेक गोळ्यांएवढी, आणि ती जादा गोळी स्नायू खाते. मोडलेल्या स्नायूंचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. "वय नाही हे," ते म्हणाले. "हे आपण केलंय. मी केलंय. आत्ता, या मिनिटाला, हॉस्पिटलमध्ये जायचं. रक्त तपासायचं, सलाईन लावायचं. उशीर केला तर मूत्रपिंडं जातील."

तात्यांनी एवढ्या सगळ्यातलं एकच वाक्य ऐकलं होतं.

"म्हणजे मी म्हातारा नाही झालो?"

"झालात," डॉक्टर म्हणाले. "पण एवढे नाही."

तात्यांचे डोळे भरून आले. कोणाला दिसू नये म्हणून ते खिडकीकडे बघायला लागले. सारा हंगाम ते रात्री जागे राहून आपल्या पायांना शिव्या देत होते. संपलो आपण, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि त्यापेक्षा जास्त, हे मुलांनाही कळलंय, या गोष्टीची त्यांना लाज वाटत होती.

"पण तुम्हाला हे माहीत होतं, तर आधी का नाही बोललात?" थोरल्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "मला वाटलं नव्हतं की ते खरंच पितात."

कोणीच ‘म्हणजे काय?’ असं विचारलं नाही. तात्यांनी एकेकाकडे पाहिलं, आणि एकेकजण आपापल्या ग्लासाकडे पाहू लागला. सगळे ग्लास भरलेले होते, फक्त डॉक्टरांचा रिकामा होता. तात्यांची नजर तिथून खाली कुंडीत गेली. माती ओली होती.

धाकट्यालाच आधी कंठ फुटला. "हे बाहेर कुठे बोलायचं नाही. लेबलवर हृदयाचा सखा लिहिलंय आपण! आणि हृदयाचे सगळे पेशंट या गोळ्या घेतात."

"सगळ्या गोळ्यांचं असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "याच कामाच्या दुसऱ्या गोळ्या आहेत, त्यांना रसाचं वावडं नाही. तात्या बरे झाले की तसलीच देऊ. मग एखादा पेला खुशाल घ्या. जग नव्हे."

"संत्र्याचंही असंच?" थोरल्या सुनेने विचारलं.

"गोड संत्र्याचं नाही. हे, पपनस आणि ते कडू संत्रं, एवढ्यांनी जपायचं."

मग एक गंमत सुरू झाली, पण ती फक्त डॉक्टरांच्या लक्षात आली.

"समजा," थोरला म्हणाला, "समजा एखाद्याने गोळी रात्री घेतली आणि रस सकाळी. मग?"

"उपयोग नाही. रसाचा परिणाम दिवसभर राहतो, जास्तही राहतो."

"आणि गोळी कमी ताकदीची असेल तर?" धाकट्याने विचारलं. "म्हणजे, असते का तशी?"

"अगदी एकच पेला असेल तर?" ताई म्हणाली. "एखाद्या बाईने?"

चोराच्या मनात चांदणं. डॉक्टरांनी कपाळ पुसलं. तिघेही त्यांचेच पेशंट होते, आणि तिघांनीही वेगवेगळ्या दिवशी, दवाखान्याचं दार आतून लावून, एकच अट घातली होती: घरात कळता कामा नये. थोरला म्हणाला होता, छोट्याला कळलं तर म्हणेल, दादाचं हृदय कमजोर आहे, कारखाना कसा चालवणार. धाकटा म्हणाला होता, मी जाहिरातीत धावतो. ताई तर त्यांच्याच घरात राहत होती, तरी नंबर लावून दवाखान्यात आली होती, कारण घरी सांगितलं तर तुम्ही झोपेत बोलाल, असं तिचं म्हणणं. थोरल्याची गोळी चष्म्याच्या डबीत असायची, धाकट्याची पेपरमिंटच्या डबीत, ताईची कानातल्यांच्या पेटीत. आणि डॉक्टरांनी तिघांनाही तात्यांचीच गोळी दिली होती. रस न पिणाऱ्याला कुठलीही चालते, असा त्यांचा हिशेब होता.

"एका पेल्याने एकदम काही..." त्यांनी सुरुवात केली.

इतक्यात फोरमन दारात आला. "तात्या, पेला भरलाय. लोक थांबलेत."

"चला," तात्या म्हणाले.

"तात्या, हॉस्पिटल!" डॉक्टर म्हणाले. "गाडी दारात आहे."

"आधी पेला. कोणाच्या तरी हातात तो दिल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. गेल्या आठवड्यासारखं आज पुन्हा झालं, तर उद्यापासून या शेडला कर्ता नाही." त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि उठले. "लवकर उरका म्हणजे लवकर निघू."

शेडमध्ये फळांच्या सालींचा तिखट वास भरला होता. कामगार पेट्यांना टेकून उभे होते, बाटल्या पट्ट्यावर रिकाम्या ओळीने थांबल्या होत्या. तात्यांसाठी चौथऱ्याखाली स्टूल आणलं होतं. ते बसले नाहीत, कठडा धरून उभे राहिले. वर यंत्राच्या तोटीखाली तो टवका उडालेला पेला भरून ठेवलेला होता.

तात्यांनी रात्रभर विचार करून थोरल्याचं नाव ठरवलं होतं. मघाच्या भरलेल्या ग्लासांनी त्यावर पाणी पडलं होतं, पण आता वेळ नव्हता.

"थोरला," ते म्हणाले. "वर जा."

थोरल्याचा ऊर क्षणभर भरून आला. या एका शब्दासाठी तो तीस वर्षं थांबला होता. तो पायऱ्या चढला, पेला उचलला, आणि पेल्याच्या वरून त्याला खाली तात्यांचे पाय दिसले. ते थरथरत होते. त्याला दूध न घातलेला चहा आठवला.

"आज..." तो म्हणाला. "आज माझा घसा जरा धरलाय."

"घ्या ना!" थोरली सून खालून म्हणाली. तिला चष्म्याच्या डबीतलं काही ठाऊक नव्हतं. "अहो, घसा कसला धरलाय? सकाळी तर गात होता!"

"तू गप्प बस."

"मी का गप्प बसू? एवढी वर्षं माझा जीव खाल्लात, पेला, पेला, पेला!"

कामगारांत कोणीतरी खोकल्यासारखं केलं. थोरल्याने पेला खाली ठेवला आणि तो उतरला. आपला घसा त्याने दोन बोटांनी धरून ठेवला होता.

"छोट्या," तात्या म्हणाले.

"मी?" धाकटा म्हणाला. काल रात्री आरशापुढे उभं राहून त्याने ‘भरा’ हा शब्द निरनिराळ्या आवाजांत म्हणून पाहिला होता. "छे छे. दादाचा मान मी कसा घेऊ? थोरला भाऊ बापाच्या जागी. घरच्या रीती आहेत."

"ताई?"

"मी तर दुसऱ्या घरची," ताई म्हणाली. "लोक काय म्हणतील, मुलगी येऊन बसली माहेरच्या गादीवर."

डॉक्टर घड्याळ बघत होते. "तात्या, कृपा करा. उद्या ठरवा. आपल्याला निघायला हवं."

तात्यांनी तिघांकडे नीट पाहिलं. सबंध आयुष्य माणसं आणि फळं पारखण्यात गेलं होतं, साल पाहून आतलं सांगणारे म्हणून त्यांची ख्याती होती. एवढा वेळ कसा लागला याचंच त्यांना नवल वाटलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हे तिघेही गोळी घेतात?"

"पेशंटचं मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाले. त्याहून स्पष्ट कोणी काही सांगू शकलं नसतं.

"म्हणजे तूही?" थोरला धाकट्याला म्हणाला.

"म्हणजे दादा, तूही? आणि मला सांगतोस, जिने चढत जा!"

"ताई, तूसुद्धा? तुला तर आम्लपित्त आहे ना?"

"माझ्या पित्ताला काही बोलायचं नाही!"

तिघे भांडायला लागले. पण वाटणीनंतर पहिल्यांदाच ते वकिलाशिवाय भांडत होते, आणि भांडता भांडता धाकट्याने विचारलं, "तुझ्या पायांना गोळे येतात का रे, दादा?" आणि थोरला म्हणाला, "नाही. तुझ्या?" हे कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण तेवढ्यात तात्यांचा हात कठड्यावरून सुटला आणि ते स्टुलावर बसले. फोरमनने त्यांना धरलं.

"पेला," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "माझ्या बापाचा पेला, आणि घ्यायला कोणी नाही."

आई त्यांच्या मागेच उभी होती. तिच्या हातात अजून लोण्याची सुरी होती, ती तिने फोरमनकडे दिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मला चालेल का?"

"आई, तुम्ही तपासायला कधी आलाच नाहीत."

"मला कोणी नेलं का कधी?"

"कसली गोळी घेता?"

"डोकं दुखलं तर एखादी. या घरात दुखतं अधूनमधून."

"मग चालेल," डॉक्टर म्हणाले.

ती पायऱ्या चढली. कठड्याला हात न लावता चढली, हे सगळ्यांनी पाहिलं, आणि आपण तिला कधी या पायऱ्यांवर पाहिलंच नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती खिडकीतून हा चौथरा बघत होती. तिने पेला उचलला आणि न थांबता, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. कामगारांतले जुने लोक ताठ उभे राहिले. सगळी शेड त्या एका शब्दासाठी थांबली होती.

आईने तोंड पुसलं. "छोट्या," ती वरून म्हणाली, "ते हृदयाचा सखा आजपासून काढायचं."

"आई, लेबलं छापून झालीत! गोदाम भरलंय!"

"मग वरून दुसरं चिकटव. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावं, असं लिही. मोठ्या अक्षरात लिही. माझ्या वयाच्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता यायला हवं."

"पण खप..."

"मी अजून ‘भरा’ म्हटलेलं नाही," आई म्हणाली.

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरला म्हणाला, "चिकटवायचं यंत्र आहे आपल्याकडे. दुपारपर्यंत लावतो."

"भरा," आई म्हणाली.

पट्टा हलला, बाटल्या खडखडत पुढे सरकल्या. आई उतरली. पेला तिने परत ठेवला नाही, काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने तात्यांना उठवलं. थोरल्याने एका बाजूने आणि धाकट्याने दुसऱ्या बाजूने त्यांना उचलून गाडीत बसवलं, आणि या वेळी कोण कुठल्या बाजूला यावरून वाद झाला नाही.

गाडी उतारावरून भरधाव निघाली. डॉक्टर चालवत होते आणि हॉस्पिटलला फोन लावून कसली तरी तयारी सांगत होते. ताई पुढे बसून रडत होती. मागे तात्या आईच्या खांद्यावर डोकं टेकून बाहेर बघत होते. फळांनी वाकलेल्या झाडांच्या रांगा मागे पडत होत्या. दुसऱ्या कोणी ‘भरा’ म्हटलं की आपण संपलो, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. आता ते दुसऱ्या कोणी म्हटलं होतं, आणि त्यांना फक्त दमल्यासारखं वाटत होतं.

"कसा होता?" त्यांनी विचारलं.

आईच्या मांडीवर पेला होता. त्याच्या टवक्यावरून ती बोट फिरवत होती. "खरं सांगू?"

"सांग."

"कडू आहे हो. जीभ वाळून जाते. इतकी वर्षं रोज कसा प्यालात?"

तात्यांनी पेल्याकडे पाहिलं. झाडं संपली, मोठा रस्ता लागला.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "मलाच कडू लागतो."